केनवडचा रकाना

रत्ना, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला सतरंज्या कमी पडल्या. दोन शेजारून आणल्या, तरी माणसं ओट्यावर, अंगणात उभी होती. वंदना झाली, बोलणारे बोलले, पंगती बसल्या आणि मी पाण्याचा जग घेऊन बायकांमधून फिरत होते. सुनंदाच्या पुढे आले तेव्हा ती शेजारणीला सांगत होती, "ताईनं साऱ्या गावाचं केलं, खोटं काहून बोलू? एक आमच्या सोनालीचंच चुकलं तिच्या हातून." तिच्या आवाजात राग नव्हता. गेलेल्या माणसाचा हिशोब सरळ ठेवावा, एवढंच तिला वाटत असावं. मी तिच्या पेल्यात पाणी ओतलं आणि पुढच्या पेल्याकडे गेले.

ते तुझ्या हातून चुकलं नव्हतं. एवढं एक वाक्य मला तिथे म्हणता आलं असतं. तीस वर्षं वर्गात उभं राहून इंग्रजी शिकवलेल्या बाईला ते उभ्यानं म्हणता आलं नाही, म्हणून आता बसून लिहिते आहे.

लिहिते आहे तुला, पण याची प्रत माझ्या नातवंडांना, इरा आणि निशांतला जाईल. कॅनडात बसून त्यांनी तुला फोनच्या काचेतूनच जास्त पाहिलं. त्यांच्या लेखी तू म्हणजे बोलता बोलता कॅमेरा शेळीकडे वळवणारी रत्नाआजी. ती काय काम करायची आणि तिच्या-माझ्या नणंद-भावजयीच्या नात्यात काय शिल्लक राहिलं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यामुळे तुला पाठ असलेल्या गोष्टीही मी मध्येच समजावून सांगेन. कंटाळू नकोस.

तुझे दादा गेले आणि मी अकोल्याचं घर बंद करून तुझ्याकडे अनसिंगला आले. दोन महिने मी तुझ्या सेंटरच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून नुसती बसून असायची. पुढच्या खोलीत तुझे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि बाहेर बाकावर माणसं: कुणाला सातबारा हवा, कुणाला जातीचा दाखला, कुणाच्या पोराचा प्रवेशाचा अर्ज. एक दिवस तू स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडलीस आणि मला हाक मारलीस.

"वैनी, हे इंग्रजी काय म्हनून राह्यलं, वाचून सांगा बरं."

तुला ते वाचता येत होतं. अकरावीपर्यंत तू माझ्याच हाताखाली इंग्रजी शिकली होतीस. पण मी उठले, चष्मा लावला आणि वाचलं. चार ओळी होत्या, चारही सारख्या: रिक्वेस्ट टाइम्ड आउट. मी तुला त्याचा नीट अर्थ सांगितला, की विनंती पाठवली होती, वाट पाहण्याची मुदत संपली, उत्तर आलं नाही. तू गंभीर चेहऱ्याने मान हलवलीस. दोन महिन्यांत मी कोणाला काही समजावून सांगितलं ते पहिल्यांदाच. हे तू मुद्दाम केलंस, हे कळायला मला वर्ष लागलं. त्याचे आभार मी मानले नाहीत. आता मानते.

मुलांनो, त्या काळ्या खिडकीतून एखाद्या साइटच्या सर्व्हरला एक लहानसा निरोप पाठवता येतो. सर्व्हर जागेवर असेल तर तो निरोप परत येतो आणि किती वेळात आला तेही दिसतं. रत्ना त्याला 'हाक मारून पाहणे' म्हणायची. पण नुसत्या हाकेवर तिचा विश्वास नव्हता. "काही साइट लय मानी असते वैनी. हाकेले ओ देत नाई, पन काम करून राह्यली असते," असं ती सांगायची, आणि ते खरं होतं.

'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द आमच्या भागात सगळ्यांना येतात. शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही येतात. कोणत्याही खिडकीवर, कोणत्याही कामाला हे उत्तर मिळतं आणि ते मिळालं की माणूस पिशवी उचलून घरी जातो. तू मात्र ते सहज उच्चारायची नाहीस. बाकावरच्या माणसाला तसं सांगण्याआधी तीन ठिकाणी खात्री करायचा तुझा नेम होता. आधी आपल्या इथे. मग कामरगावला शबानाचं सेंटर, तिची लाइन कारंज्याकडून. मग केनवडला विनोदचं, त्याची रिसोडकडून. तिन्ही गावं वेगवेगळ्या तारांना टांगलेली. तिन्हीकडे बंद असेल तर सर्व्हर बंद. एकीकडे जरी उघडलं तरी सर्व्हर शाबूत आहे, दोष आपल्या लाइनचा, आणि मग ज्याच्याकडे उघडलं तो इतरांची अडलेली कामं तिथून करून देणार. फोनवर नंबर सांगायचे, तिकडे त्याने भरायचं. असा तुमचा तिघांचा करार होता, कागदावर कुठेच नसलेला.

"विनोद, उघडून राह्यलं का तुह्याकडे?"

"ताई, अठी तं लोण्यासारखं चालू हाये. तुमच्या वाशिमवाल्यानं तार खाल्ली काय?"

"खाल्ली असंन बापा. घे, लिही नंबर."

एवढंच बोलणं असायचं, आणि बाकावरच्या माणसाचं काम व्हायचं.

या कारभारात मी माझी भर घातली. एक जाड वही आणली, पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, साइटचं नाव, अनसिंग, कामरगाव, केनवड, शेरा. तू हसलीस. "तुमी शाळा सोडली वैनी, पन शाळा तुमाले सोडून नाई राह्यली." तरी वही तू चालवलीस. एखादा रकाना रिकामा दिसला की संध्याकाळी मी तुला विचारायची आणि तू चहाचा कप हातात घेऊन आठवून सांगायचीस. रिकामा रकाना मला पाहवत नाही. तो माझा गुण आहे असं मी तेव्हा समजत होते.

आपला वाद झाला तो निशांतने दाखवलेल्या साइटवरून. तिच्यात कुठल्याही साइटचा पत्ता टाकला की ती सांगते, हिचा सर्व्हर सगळ्यांसाठीच बंद आहे की फक्त तुमच्यापुरता. मला ते फार शास्त्रीय वाटलं. तीन गावांना फोन करण्यात वेळ जातो, एकदा विचारून काम भागेल, असं मी म्हणाले. तू ती साइट उघडून पाहिलीस आणि विचारलंस, "हे बाई कुठून पाह्यते?"

"परदेशातून कुठून तरी. त्याने काय फरक पडतो?"

"तिले तिथून दिसलं म्हंजे अनसिंगले दिसते काय? आन तिले नाई दिसलं म्हंजे केनवडले नाई दिसत, असं कुठी लिहिलं हाये?"

मी तुला म्हणाले, तू अडाण्यासारखं बोलतेस. तो वाद तिथेच राहिला. तुझी बाजू बरोबर होती हे मी पुढे सिद्ध केलं, आणि तेही दुसऱ्याच्या लेकीच्या जिवावर.

तो दिवस क्रमाने सांगते.

गेल्या वर्षी नर्सिंगच्या प्रवेशाची पहिली यादी लागली. सुनंदाच्या सोनालीला सरकारी कॉलेजात जागा मिळाली. त्या घरातून बारावीच्या पुढे गेलेलं कोणी नव्हतं. जागा मिळाली तरी साइटवर जाऊन 'ही जागा मला मान्य आहे' असं कळवावं लागतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कळवलं नाही तर जागा दुसऱ्याला जाते. आदले दोन दिवस तिचा कुठला तरी दाखला अडकला होता, त्यामुळे सगळं शेवटच्या दिवसावर आलं. तू सोनालीला म्हणाली होतीस, "दुपारी ये, मी हावो." आणि त्या दिवशी सकाळी तुझ्या छातीत पुन्हा दुखलं आणि तू वाशिमला डॉक्टरकडे गेलीस. जाताना मला बजावलंस, "कोनाले सांगू नका डॉक्टरचं. आन सोनालीचं पहिले करजा."

ती एक वाजता आली, धुतलेला पंजाबी ड्रेस घालून, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. मी साइट उघडली. पांढरं पान आणि मध्ये फिरणारी चक्री. दहा मिनिटं थांबले, पुन्हा उघडली. तेच. काळी खिडकी उघडून हाक मारली, चारही ओळी रिकाम्या हाताने परत. दीड वाजला, मग दोन. सोनाली बाकावरून उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिचा श्वास मला मानेजवळ जाणवत होता. मला कोणी मागे उभं राहिलेलं खपत नाही. मी तिला बसायला सांगितलं.

कामरगावला फोन केला. शबाना म्हणाली, "आंटी, अठी सकाळपासून लाइटच नाई. मोबाइलवर पाह्यलं तं चक्री फिरून राह्यली नुसती." हे उत्तर 'बंद' असं नव्हतं. तिच्याकडे वीज नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. मी कामरगावच्या रकान्यात 'बंद' लिहिलं.

मग निशांतची ती साइट उघडली. तिने सांगितलं, सर्व्हर सगळ्यांसाठीच बंद आहे. आपल्याकडच्या काही सरकारी साइट देशाबाहेरून आलेल्या हाकेला मुळी उत्तरच देत नाहीत, हे मला कितीतरी नंतर कळलं. निशांत, यात तुझी काही चूक नाही. तू एक साधन दाखवलंस. माणसाला विचारू नको, असं तू सांगितलं नव्हतंस.

आता राहिलं केनवड.

आदल्याच आठवड्यात तू आंघोळीला गेली असताना मी विनोदला फोन केला होता. मी विचारलं, "आपल्याकडे संकेतस्थळ प्रतिसाद देत आहे काय?" तो म्हणाला, "मॅडम, मराठीत बोला ना." त्याच्या मागे दोन-तीन माणसं हसली. मग म्हणाला, "ताईले द्या फोन." इतकीशी गोष्ट. ती माझ्या मनात बसली होती. त्या दुपारी मी फोन हातात घेतला, त्याचं नाव काढलं आणि फोन खाली ठेवला. दोन ठिकाणची साक्ष झाली होती. वर परदेशातल्या साइटची होती. तिसरी वेगळी काय येणार? मी पेन घेतलं आणि केनवडच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'बंद' लिहिलं. पुढे वेळही लिहिली: दोन वाजून चाळीस मिनिटं.

"सर्व्हर सगळीकडेच बंद आहे," मी सोनालीला म्हणाले. "अशा वेळी मुदत वाढवून देतात. घरी जा. उघडलं की निरोप पाठवते."

ती पिशवी उचलून दारापर्यंत गेली आणि वळली. "मॅडम, केनवडले इचारलं का?"

"विचारलं," मी म्हणाले.

तू सव्वाचारला आलीस. चेहरा उतरलेला, हातात गोळ्यांची पुडी. पाणीही न पिता विचारलंस, "सोनालीचं झालं?" मी वही पुढे केली. तू तिन्ही रकाने वाचलेस, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "एकडाव आणखी पाह्यतो." आणि केनवडला फोन लावलास.

मला फक्त तुझं बोलणं ऐकू येत होतं. "विनोद, ते नर्सिंगवालं…" मग तू ऐकू लागलीस. तुझं बोट वहीवर होतं, केनवडच्या रकान्यावर. तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग वही मिटलीस आणि मला म्हणालीस, "चालू झालं म्हनते."

त्यानंतर तुझा आवाज बदलला. "तुमी अठीच बसा. विनोदले या फोनवर धरून ठेवा, सोडू नका. सोनालीचा नंबर आन पासवर्ड वाचून द्या. ओटीपी तिच्या मायच्या मोबाइलवर येते, मी वावरात जातो." आणि तू स्कूटी काढलीस. दुखणारी छाती घेऊन, नाल्यापलीकडच्या सुनंदाच्या वावरापर्यंत.

मी विनोदला नंबर वाचून दिला. पासवर्ड वाचून दिला. या वेळी तिकडे कोणी हसलं नाही. "मॅडम, एकेक अक्षर सांगा, सावकाश." चार चाळीसला तो आत शिरला. "दिसून राह्यली जागा मॅडम, सोनालीचं नाव हाये. ओटीपी पाठवू का?"

"थांबा. रत्ना अजून पोचली नाही."

एका कानाला विनोद, दुसऱ्या हातात सेंटरचा दुसरा फोन, तुझ्या फोनची वाट पाहत. चार सत्तेचाळीस. तुझा फोन आला, पण शब्द तुटत होते. वावरात नेटवर्क नव्हतं. सुनंदाच्या मोबाइलवर काही येत नव्हतं. तू ओरडत होतीस, "बांधावर चढ वो सुनंदा, रस्त्याकडे चाल, रस्त्याकडे." मी विनोदला म्हणाले, पाठवा. त्याने पाठवला. दहा मिनिटं तो आकडा चालतो. तो येईपर्यंत त्यातली पाच मिनिटं गेली होती. तू आकडे वाचलेस, मी तिकडे सांगितले. विनोद म्हणाला, "एक आकडा कमी हाये मॅडम." मध्ये आवाज तुटला होता. पुन्हा विचारलं. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा, आईजवळ वावरातच असलेल्या सोनालीने फोन घेतला आणि एकेक आकडा वेगळा करून, शाळेत पाढे म्हणतात तसा, मोठ्याने सांगितला.

चार अठ्ठावन. विनोदने टाकला. "घेतला. आता 'मान्य' दाबतो." मग तो म्हणाला, "चक्री फिरून राह्यली." त्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहत राहिले.

"मॅडम," तो म्हणाला. "लाल आलं. वेळ संपली म्हनते."

दोन वाजून चाळीस मिनिटांनी एक फोन केला असता, तर त्याच विनोदने त्याच खुर्चीवर बसून ते काम केलं असतं, आणि सोनाली बाकावरून हसत उठली असती.

तुम्ही तिघी आलात तेव्हा सुनंदाच्या पायाला ओला चिखल होता. सोनाली रडत नव्हती. मुदत वाढते का, म्हणून तू कुठे कुठे फोन केलेस. वाढली नाही. मग तू त्या दोघींना बसवलंस आणि माझ्यासमोर म्हणालीस, "दुपारी केनवडले बंद होतं, मंग चालू झालं. मी अठी असती तं लक्ष ठेवलं असतं. मी नव्हती. माझं चुकलं."

सोनालीने तुझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हनलं होतं, मी हावो म्हनून. तुमची पोरगी असती तं गेल्या असत्या काय वाशिमले?"

तुला मूल नव्हतं. तू मान खाली घातलीस. गोळ्यांची पुडी टेबलावर होती, ती तू हळूच ओढून ड्रॉवरमध्ये टाकलीस. मी तिथे होते रत्ना, हाताच्या अंतरावर. मी उठले आणि चहा टाकला.

दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं नाही. वर्ष गेलं. यंदाचा अर्ज तिने वाशिमला जाऊन भरला, आपल्या दारावरून एसटीने गेली.

तू माझ्याशी वागण्यात कधी फरक केला नाहीस. माझ्या ताटात आधीसारखीच कडक भाकरी पडायची, मला मऊ आवडत नाही म्हणून. एकदाच, दिवाळीच्या सुमारास, मी वही तपासत असताना तू म्हणालीस, "वैनी, एखांदा रकाना राहू देत जा रिकामा. कोनी मरत नाई त्यानं." मी म्हणाले, मग वही ठेवायचीच कशाला? तू म्हणालीस, "हावो, ते बी खरं." आणि उठून गेलीस. बोलायला तू दार उघडून ठेवलं होतंस. मी आत आले नाही. तुला ठाऊक असेल की नाही, याचाच मी सहा महिने अंदाज घेत राहिले. कधी तुझ्या चेहऱ्यावरून, कधी विनोदला फोन करताना तुझ्या आवाजावरून. तुझ्याकडून काही कळत नव्हतं, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

मग त्या सकाळी तू अंगण झाडता झाडता बसलीस आणि पुन्हा उठली नाहीस. याविषयी मला आत्ता लिहिता येत नाही.

विनोद तुझ्या पुण्यानुमोदनाला केनवडहून दोन गाड्या बदलून आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. आवाजावरून मला तो थोराड वाटायचा, प्रत्यक्षात किरकोळ अंगाचा, पोरांचा बाप असलेला माणूस. जेवून निघताना तो माझ्यापाशी आला. सुनंदाचं ते बोलणं त्याच्याही कानावर गेलं असावं.

"मॅडम, एक इचारू? त्या दिवशी दुपारी तुमचा फोन नाई आला मले."

"नाही आला," मी म्हणाले.

"मी ताईले तवाच सांगतलं होतं. 'आता चालू झालं' असं नाई म्हनलो मी. म्हनलो, सकाळपासून चालू हाये, कोनी इचारलंच नाई." तो चपला घालत होता, माझ्याकडे पाहत नव्हता. "मंग दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. म्हने, हे कोनाजवळ बोलू नको, आमच्या वैनी लय कोसळून पडतीन. ताई गेल्या, म्हनून तुमालेच सांगून राह्यलो."

म्हणजे ते बोट रकान्यावर होतं तेव्हाच तुला सगळं कळलं होतं. स्कूटीला किक मारण्याआधी, वावराकडे जाण्याआधी, तू मला पाठीशी घातलंस. आणि सोनालीने ते विचारलं तेव्हाही तू कळून सवरून ऐकून घेतलंस. मला तुझा राग येतो रत्ना. तू मला सांगायला हवं होतंस. एकदा ओरडायला हवं होतंस. मी कोसळले नसते. निदान असं मी स्वतःला सांगते आहे; तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

परवा दुपारी मी सुनंदाकडे गेले. वही नेली नाही. तिच्यात खोटं लिहिलेलं आहे, ती काय साक्ष देणार? सुनंदा सुपात डाळ निवडत होती, सोनाली मागच्या दाराशी बादली भरत होती. मी पाटावर बसले आणि म्हणाले, "सुनंदा, सोनालीची जागा रत्नामुळे गेली नाही. माझ्यामुळे गेली." आणि मग सगळं क्रमाने सांगितलं. विनोदचं, रकान्याचं, वाशिमच्या डॉक्टरचंही.

सुनंदाने सूप खाली ठेवलं. "म्हंजे फोनच नाई केला तुमी?"

"नाही."

"पन पोट्टीनं इचारलं, तवा केला म्हनलं."

"हो. म्हणाले."

"मंग इतके दिवस काहून नाई सांगतलं?"

"लोक मला मॅडम म्हणतात, ते जाईल म्हणून."

तिने सूप पुन्हा ओढून डाळीत बोटं घातली. "वरीस गेलं आमचं," ती म्हणाली. "हिचा बाप सोयरीक पाहाले निंगला होता. ताई आली अन् भांडली त्याच्यासंग. एक वरीस थांब म्हने, मी हात जोडतो तुले. अन् ही पोट्टी आत बसून राह्यली, ताईसंग बोलली बी नाई." मग तिने वर पाहिलं. "मी त्या दिवशी पंगतीत बोलली, तवा तुमीच पानी वाढून राह्यल्या होत्या."

"हो."

"आता मी काय बोलू तुमाले?"

मी म्हणाले, मला काहीच बोलू नका, पण ज्यांच्याजवळ रत्नाचं नाव घेतलं त्यांना हे सांगा. ती म्हणाली, "ते तं सांगनच."

सोनाली मागच्या दारात उभी होती. बादली भरून वाहत होती. तिने नळ बंद केला, हात ओढणीला पुसले, चपला घातल्या आणि माझ्या शेजारून, माझ्याकडे न पाहता, बाहेर पडली. सुनंदाने हाक मारली, "कुठी चालली वो?" ती चालत राहिली. मी उठून तिच्या मागे गेले, मध्ये अंतर ठेवून. ती तुझ्या-माझ्या घराकडे वळली.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती आत गेली, तुझ्या फोटोपाशी. मी ओट्यावर बसले. आतून तिचा आवाज येत होता, हळू, मध्येच थांबणारा. शब्द कळत नव्हते. ते तुमच्या दोघींचं होतं, मी कान दिला नाही. समोरच्या घरची म्हातारी मला विचारत होती, कोण आलं म्हणून. मी म्हणाले, रत्नाकडे आलंय.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. डोळे सुजलेले. मी बसले होते तिथूनच पायऱ्या उतरायच्या होत्या, मी सरकून वाट दिली. ती दोन पायऱ्या उतरली आणि माझ्याकडे पाठ करूनच उभी राहिली.

"तुमच्याशी मंग बोलतो मॅडम," ती म्हणाली. "आज नाई."

मी बरं म्हणाले. ती कधी येईल ते तिने सांगितलं नाही. रत्ना, तेव्हापासून मी घर सोडून कुठे गेलेले नाही.